बैठक : एका जुन्या .३१५ रायफलीच्या लाकडाचं प्रकरण

डिसेंबर २०२३. विधानसभेची आचारसंहिता उठली होती आणि जमा केलेली हत्यारं ग्वाल्हेरात घरोघर परतत होती. आमच्याकडे निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा कराव्या लागतात. चंबळच्या या पट्ट्यात परवाने भरपूर, त्यामुळे तो मोठाच व्याप असतो. ज्यांच्या रायफलीचं हे काम, त्या ताईंची रायफल विक्रेत्याकडेच होती. माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात त्या आल्या त्या मोबाइलवरचे चार फोटो घेऊन.

फोटोत रायफलीचं पुढचं लाकूड मागच्या टोकाशी उभं चिरलेलं दिसत होतं. चिरेवर तांब्याच्या तारेचे आठ वेढे, तारेखाली पिवळा पडलेला एपॉक्सी गोंद. मागचा दस्ता मात्र शाबूत. तेलानं काळपट झालेला, आणि डाव्या अंगाला, जिथं गाल टेकतो तिथं, हात फिरवून फिरवून गुळगुळीत केल्यासारखा.

"आजोबांची आहे," ताई म्हणाल्या. "लाकूड नवीन करून द्याल का? आणि मला पेलेल अशी करायची आहे."

एका वाक्यात दोन कामं होती. जे मोडलंय ते दुरुस्त करणं हे एक. आजोबांच्या खांद्याची वस्तू नातीच्या खांद्याला बसवणं हे दुसरं. ही दोन्ही कामं एकमेकांच्या आड येतात, आणि ते मला पुरतं कळायला दहा महिने गेले. जुन्या हत्याराचं लाकूड हातात घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं प्रकरण, माझ्या चुकीसकट, लिहून काढतोय.

माणसं आणि कायदा

माझा कारखाना ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिन्सी नाल्याजवळ. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्या तळाचंच पुढे लष्कर हे शहर झालं. जिन्सी म्हणजे तोफखाना. तोफा गेल्या, नाव राहिलं. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम चालतं. मी स्वतः जुनं फर्निचर पूर्ववत करतो: दिवाण, बंगया (लाकडी झोपाळे), देव्हारे, कोरीव खांब. बंदुकीच्या लाकडाचं काम त्याआधी दोनदाच केलं होतं, तेही मिस्त्रीजींच्या हाताखाली.

मिस्त्रीजी म्हणजे बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेले कारागीर. वय सत्तरीच्या पुढे. विक्रेत्याच्या दुकानामागेच त्यांची खोली आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार हत्याराची दुरुस्ती हेसुद्धा परवान्याचं काम आहे. "लाकूडच तर आहे, घरी न्या आणि करा" असं ताईंचे एक नातेवाईक म्हणाले, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. काम चालू असताना रायफल त्या दुकान-खोलीबाहेर एकदाही गेली नाही, अपवाद फक्त नेमबाजीच्या रेंजचा, आणि तेव्हा ती ताईंच्या हातात आणि त्यांच्या परवान्यावर गेली. मी रोज पटाश्या पिशवीत घालून तिकडे जायचो. नोंद मिस्त्रीजींच्या रजिस्टरात, जबाबदारी त्यांची, लाकडावर हात माझा.

आजोबा वारल्यावर रायफल जमा झाली होती. वारसांपैकी बाकीच्यांनी ना-हरकतीची शपथपत्रं दिली, ताईंनी स्वतःच्या नावे परवाना घेतला, रायफलीचा क्रमांक त्यावर चढला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. ताईंकडे ही एकच असल्यानं तो प्रश्न आला नाही. त्याच नातेवाइकांची आणखी एक सूचना होती: नळी थोडी कापून घ्या, हलकी होईल. मिस्त्रीजींनी कलम ६ चं नाव घेतलं आणि विषय संपवला. नळी, बोल्ट (गोळी भरताना मागंपुढं ओढायचा दांडा), सांगाडा (नळी ज्यात बसते तो पोलादी भाग), त्यावरचे आकडे आणि ठसे यांना कुणी हात लावणार नाही हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलं. पोलादाचं काम एवढंच: मिस्त्रीजींनी तपासणं, साफ करणं, आणि वापरण्याजोगं आहे असं सांगणं. ते त्यांनी सांगितलं.

रायफल

कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्याची .३१५. या बोअरची (नळीच्या भोकाच्या मापाची) गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. .३०३ हे लष्कराचं काडतूस. ते सामान्य माणसाच्या हाती जाऊ नये असं इंग्रजांचं धोरण होतं, आणि आजही ते प्रतिबंधित बोअरमध्येच मोडतं. म्हणून शिकारी आणि जमीनदारांसाठी ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीच्या ८ मिलिमीटर काडतुसाच्या वंशातलं .३१५ आलं. घडण तीच, इंग्रजी लष्कराच्या ली-एन्फिल्ड रायफलीची, पण लष्कराची गोळी तिच्यात चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद होत गेली, रायफली मात्र घरोघर राहिल्या. आजोबांनीही त्यानंतर ती दसऱ्याला पूजेसाठी काढली, वर्षातून दोनदा तेल पाजलं आणि परत पेटीत ठेवली.

ते तेल पाजणंच पुढे या प्रकरणाचं मूळ निघालं.

ली-एन्फिल्ड घडणीत लाकडाचे दोन वेगळे तुकडे असतात. मागचा दस्ता एका पोलादी खोबणीत शिरतो आणि त्याच्या पोटातून जाणाऱ्या लांब बोल्टनं (हा स्क्रूसारखा, गोळी भरायच्या बोल्टहून वेगळा) आवळला जातो. पुढचं लाकूड नळीखाली असतं. युरोपी शिकारी रायफलींसारखा एकसंध कुंदा नसतो. याचा फायदा असा की एक भाग मोडला तर दुसरा वाचतो. तोटा असा की पुढच्या लाकडाची बैठक, म्हणजे ते पोलादाला कुठं आणि किती टेकतं ही गोष्ट, बाहेरून दिसत नाही. सगळं छान बसल्यासारखं वाटतं.

पहिली दुरुस्ती

जानेवारीत मी तार काढली, एपॉक्सी गरम करून खरवडला, चीर स्पिरिटनं धुतली. लाकूड अक्रोडाचं. चीर चार इंच लांब, रेषेबरोबर गेलेली. तोंडं स्वच्छ असलेली चीर सुताराला आवडते, कारण ती मिटते. पातळ एपॉक्सी सुईनं आत सोडला, शिकंजे लावले, दोन दिवस ठेवलं, वर दोन आडव्या पितळी खुंट्या घातल्या. इशापूरच्या लष्करी रायफलींत पुढचं लाकूड फाटू नये म्हणून आडवा स्क्रू घालायची पद्धत होती. तोच धागा धरून मी खुंट्या घातल्या आणि त्यांची डोकी लाकडाच्या गोल चकत्यांखाली लपवली. चीर कुठं होती ते शोधावं लागेल असं काम झालं. मला समाधान होतं.

फेब्रुवारीत परवानगी घेऊन आम्ही रेंजवर गेलो. ताईंनी पन्नास मीटरवर गोळ्या झाडल्या. पहिल्या तीन जवळ पडल्या, पुढच्या डावीकडे वर सरकत गेल्या. सातव्या गोळीला माझ्या कानाला एक कोरडी टिचकी ऐकू आली. तो आवाज बंदुकीचा नव्हता. लाकूड पुन्हा चिरलं होतं. जोडलेली चीर जागेवर होती, नवी चीर तिच्या शेजारून, तिला समांतर, शाबूत लाकडातून गेली होती.

जोड मजबूत होता. मग बाजूचं लाकूड का फुटलं? खरं तर हा प्रश्न मी जानेवारीतच विचारायला हवा होता: मुळात ते चिरलं कशानं? लाकूड उगाच चिरत नाही. दिवाणाचा पाय मोडून आला तर मी आधी विचारतो की जमीन सपाट आहे का, दिवाण ओढतात का. रायफलीच्या बाबतीत मी हा प्रश्न विचारला नाही. फोटोत चीर दिसली आणि मी चिरेमागे लागलो.

काजळी

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीजींनी पणती लावली. तिच्या ज्योतीवर पोलादी सांगाड्याचा खालचा भाग धरून त्यावर काजळीचा पातळ थर घेतला. मग पुढचं लाकूड जागेवर चढवलं, स्क्रू आवळले, आणि सरळ खाली ओढून काढलं. जिथं पोलाद टेकतं तिथं लाकडावर काळा डाग येतो, जिथं टेकत नाही तिथं लाकूड कोरं राहतं. ही युक्ती बंदुकीचं लाकूड बसवणाऱ्यांमध्ये जगभर आहे. कुणी काजळी वापरतं, कुणी निळा रंग.

मला ते म्हणाले, "लकड़ी मत देखो, बैठक देखो."

डाग बघून मला सगळं कळलं. गोळी सुटली की पोलादी सांगाडा मागं झेप घेतो आणि पुढच्या लाकडाला आपल्याबरोबर ओढून नेतो. ही ओढ लाकडात उतरते ती मागच्या बाजूला कोरलेल्या दोन खांद्यांवाटे, एक डावा, एक उजवा. दोन्हींवर सारखा भार हवा. आमच्या लाकडात उजव्या खांद्यावर गडद डाग होता आणि डाव्यावर काहीच नाही. डावा खांदा सांगाड्यापासून पोस्टकार्डाच्या जाडीइतका मागं सरला होता. म्हणजे प्रत्येक गोळीची सगळी ओढ एकट्या उजव्या अंगावर पडत होती. एका बाजूनं ओढलं तर लाकूड रेषेतून फाटणारच. मी चीर कितीही पक्की जोडली असती तरी ते दुसरीकडे फाटलं असतं. गोळ्या डावीकडे वर का सरकत होत्या त्याचंही उत्तर यातच होतं: लाकूड दर वेळी थोडं फिरून बसत होतं आणि नळीवरचा दाब बदलत होता.

डाव्या खांद्यावर नख रोवलं तर ते आत गेलं. लाकूड कुजलं नव्हतं, तेलानं पिचलं होतं. रायफल पन्नासेक वर्षं पेटीत डाव्या कुशीवर पडून होती, आणि आजोबांनी प्रेमानं गोळी भरायच्या बोल्टमध्ये सोडलेलं यंत्राचं तेल हळूहळू खाली झिरपून तिथं साठत गेलं. खनिज तेल जवसाच्या तेलासारखं सुकत नाही. ते लाकडात ओलंच राहतं, तंतू मऊ करतं, आणि मऊ तंतू दाबाखाली बसतात. म्हणून वर्षानुवर्षं ठेवायच्या रायफलीला तेलाचा पातळ हात पुरतो, आणि ठेवताना नळीचं तोंड खाली करून ठेवलेलं बरं. नाहीतर सगळं तेल मागच्या लाकडात उतरतं.

मुलतानी माती

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ग्वाल्हेरचं मतदान ७ मे रोजी होतं. रायफल विक्रेत्याच्या तिजोरीत बंद झाली. सुटं केलेलं पुढचं लाकूड नोंद करून मिस्त्रीजींच्या खोलीत राहिलं. मला ते तीन महिने वाया गेले असं वाटत नाही, कारण तेल काढायला हवा असलेला ग्वाल्हेरचा उन्हाळा त्याच महिन्यांत होता.

मुलतानी माती स्पिरिटात कालवून तिचा जाड लेप पिचलेल्या भागावर दिला आणि लाकूड काळ्या पत्र्यावर, त्या इमारतीच्या गच्चीवर ठेवलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. उन्हानं तेल पातळ होऊन वर येतं आणि माती ते पिऊन घेते. संध्याकाळी माती पिवळ्याची तपकिरी झालेली असायची. खरवडायची, दुसऱ्या दिवशी नवा लेप. अकरा लेपांनंतर माती पिवळीच राहिली. लाकडाचा रंग इतका उजळला की ताईंना ते वेगळंच लाकूड वाटलं. सगळं लाकूड उन्हात राहू नये म्हणून बाकीचा भाग कोरड्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. एकदम सुकवलं तर टोकांना केसासारख्या चिरा पडतात.

आता पिचलेला भाग कापून तिथं नवं लाकूड बसवायचं होतं. डावा खांदा तर बदलायचाच, पण जोडीनं उजवाही. दोन्हीकडे एकच लाकूड असेल तर दोन्ही सारखे दबतील.

इथं ताईंच्या घरच्या बंगईची गोष्ट येते. चिटणीसांची गोठ या मोहल्ल्यातला त्यांचा जुना वाडा विकला गेला तेव्हा माजघरातली शिसवी बंगई त्यांनी ठेवून घेतली होती. तिचा पाट दोन इंच जाड. त्यातूनच नवा दस्ता करावा ही त्यांची फार इच्छा होती. आजोबा त्या बंगईवर बसून रायफल पुसायचे, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. मी पाट पाहायला गेलो. लाकूड अप्रतिम होतं, जांभळट काळ्या रेषांचं, लोखंडासारखं वाळलेलं. पण दस्त्याचा साचा पाटावर कुठंही ठेवला तरी मनगटाच्या जागी, म्हणजे जिथं मूठ धरतात आणि लाकूड सर्वांत बारीक असतं तिथं, रेषा तिरप्या बाहेर पळत होत्या. मनगटात रेषा लांबीबरोबरच जायला हव्यात. तिरपी रेषा म्हणजे तयार चीर. मी नाही म्हटलं. ताईंना वाईट वाटलं, दोन दिवस त्यांचा फोन आला नाही. तरी माझ्या मते या सबंध कामात मी घेतलेला हा सर्वांत बरोबर निर्णय होता. भावनेचं लाकूड ताण पडणाऱ्या जागी लावायचं नाही.

पण दोन खांद्यांसाठी मला अंगठ्याएवढे दोनच तुकडे हवे होते, आणि तिथं घट्ट, जुनं, वाळलेलं शिसवीच सर्वांत योग्य होतं. बंगईच्या पाटाच्या टोकाकडून, कड्यांच्या भोकांपलीकडचे दोन तुकडे मी मागून घेतले. त्यांचे तंतू रायफलीच्या लांबीबरोबर ठेवले, म्हणजे ओढ तंतूंच्या टोकांवर पडते. लाकूड त्या दिशेनं दाब सर्वांत जास्त सोसतं. शिसवीत स्वतःचं तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या क्षणभर आधी ॲसिटोननं पुसलं. तुकडे बसले. आता ते पोलादाखाली आहेत, रायफल उघडल्याशिवाय कुणाला दिसत नाहीत.

जूनमध्ये रायफल मोकळी झाल्यावर खांदे बसवण्याचं काम सुरू झालं. काजळी, चढव, आवळ, काढ, काळा डाग पटाशीनं खरवड, पुन्हा काजळी. एका खांद्याला साठ-सत्तर वेळा. खरवडलेलं लाकूड शिरईच्या काडीवर मावेल इतकं. कधीकधी तासाभरात फक्त एक डाग दुसऱ्या डागाला येऊन मिळायचा. चौथ्या दिवशी दोन्ही खांद्यांवर सारखा, सलग काळा रंग आला. मिस्त्रीजी काही बोलले नाहीत, पणती विझवून टाकली.

जून म्हणजे लाकूड वर्षातलं सर्वांत कोरडं. पावसाळ्यात ते फुगणार हे उघड होतं. पण लाकूड फुगतं ते रुंदीत आणि जाडीत, लांबीत जवळजवळ नाहीच. खांद्यांचा टेक लांबीच्या दिशेचा, म्हणून तो जूनमध्ये अगदी नेमका केला तरी चालतो. नळीच्या खोबणीच्या बाजूंना मात्र दोन जाड कागदांइतकी सूट ठेवली, म्हणजे श्रावणात लाकूड नळीला आवळणार नाही.

नवा दस्ता

जुना दस्ता कापून आखूड करणं सर्वांत सोपं होतं. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत तो साडेतेरा इंच होता. ताईंना पावणेतेरा हवे होते. सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कापले की झालं. ताई तयारही होत्या. मी एवढंच म्हटलं, की आजोबांच्या गालानं झिजलेलं लाकूड एकदा कापलं की परत येत नाही, आणि या घडणीत दस्ता वेगळा असतो, तो बदलता येतो. जुना दस्ता जसाच्या तसा ठेवायचा आणि ताईंसाठी नवा करायचा असं ठरलं.

माप घेताना एक रूढ चूक टाळली. कोपरात दस्ता टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का ते बघायची पद्धत सगळीकडे चालते, पण ती हाताची लांबी मोजते. मान किती लांब, खांदा किती रुंद, गाल कुठं येतो हे तिला कळत नाही. आम्ही एक पाइनचा कच्चा दस्ता केला. ताईंना डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितलं आणि मग डोळे उघडायला सांगितले. डोळा आपोआप मक्खीच्या (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेच्या) रेषेत आला पाहिजे. पहिल्या दोन वेळा त्यांना मान उचलावी लागली. गालाची बाजू दोन सूत वर घेतल्यावर डोळा बरोबर आला. अंगठा आणि नाक यांत दोन बोटं अंतर राहतं का तेही पाहिलं, नाहीतर धक्क्यानं अंगठा नाकावर येतो. गालाची बाजू वर घ्यायलाही मर्यादा असते. गोळी भरायचा बोल्ट पूर्ण मागं ओढला की तो मनगटावरून दस्त्याकडे येतो, त्याला अडता कामा नये.

लाकूड अक्रोडाचं की शिसमीचं (म्हणजे शिशम, बंगईच्या शिसवीहून वेगळं) यावर बरीच चर्चा झाली. अक्रोड हलकं, धक्का सोसणारं, कमी वळणारं. जगभर बंदुकांना तेच लावतात आणि त्याला कारण आहे. पण हवा तसा वाळलेला दोन इंची फळा मला मिळाला नाही. सागवानाचा विचार मी केला नाही. ते उत्तम लाकूड आहे, पण अशा बारीक मनगटाला ठिसूळ. माझ्या माळ्यावर सहारनपूरहून आणलेला शिसमीचा एक फळा चार वर्षं पडून होता. लाकूड मोकळ्या हवेत वाळायला इंचाला साधारण एक वर्ष धरतात, त्या हिशेबानं तो पुरता वाळला होता. रेषा मनगटाच्या जागी सरळ, मागं रुंद भागात लाटांसारख्या. शिसम अक्रोडापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्यानं जड. दस्ता मागं जड झाला तर नळी हलकी वाटते, म्हणून दस्त्याच्या पोटात, बोल्टच्या भोकाखाली, एक पोकळी कोरून वजन जुन्याच्या बरोबरीला आणलं.

दस्त्यातलं लांब भोक हे या कामातलं सर्वांत नाजूक पाऊल. ते पोलादी खोबणीच्या अगदी रेषेत निघालं पाहिजे. आधी आकार देऊन मग भोक पाडलं आणि ते अर्धा सूत जरी चुकलं तरी महिन्याचं काम जळणात जातं. म्हणून आधी चौकोनी ठोकळ्यातच भोक पाडायचं, त्यात सळई घालून ती रेषा पायाभूत धरायची आणि दस्त्याचा सगळा आकार त्या भोकाभोवती आखायचा. आधी भोक, मग आकार. त्यानंतर पुढची जीभ खोबणीत बसवली, पुन्हा काजळीनं. ती सैल राहिली तर बोल्ट कितीही आवळा, दस्ता डुगडुगतो.

आकार करवतीनं, मग वाकसानं, मग कानशीनं, शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडून. पॉलिशपेपर अगदी शेवटी. मनगटावर हात घसरू नये म्हणून बारीक चौकटींची जाळी कोरली, इंचाला अठरा रेषा. शिसमीत त्याहून बारीक रेषा टिकत नाहीत, टोकं उडतात. टोकाला अर्धा इंची रबर, पावणेतेरा इंचांत ते धरलेलं.

तेल

वर चमक आणणारा पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारायचा नाही हे सुरुवातीपासून ठरलेलं. तो लाकडावर काचेसारखा बसतो, ओरखडा पडला की पांढरी रेघ उमटते आणि मग सगळा काढावा लागतो. लष्करी रायफलींची लाकडं जवसाच्या तेलात भिजवायचे. आम्हीही जवसाचंच तेल घेतलं, पहिले दोन हात टर्पेंटाइननं पातळ करून, पुढचे निव्वळ, तळव्यानं घासून.

जूनमध्ये पुढच्या लाकडाच्या आतल्या बाजूला तेल लावलं आणि पुसलेली फडकी मी घाईत चुरगळून पत्र्याच्या डब्यात टाकली. दोन तासांनी खोलीत करपट वास आला. डब्यातून धूर येत होता. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, त्यात उष्णता निर्माण होते, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडून राहते. हे मला ठाऊक होतं, मी मुलांना शिकवतो, आणि तरीही बंदुकीच्या दुकानामागच्या खोलीत माझ्या हातून ते घडलं. तेलाचं फडकं सुटं पसरून वाळवायचं किंवा पाण्याच्या बादलीत बुडवायचं. मिस्त्रीजींनी त्या दिवसापासून दाराशी बादली ठेवली. ती अजून आहे.

नव्या दस्त्याला मी ऑगस्टमध्ये तेल लावायला घेतलं आणि तेही चुकलं. दमट हवेत ते आठ-आठ दिवस चिकट राहत होतं. गणपतींनंतर ऊन पडेपर्यंत थांबलो, चिकट थर स्पिरिटनं काढला, नव्यानं सुरुवात केली. नऊ हात झाले. नवरात्रात दस्ता तयार झाला, दसऱ्याला ताईंनी रायफल त्या नव्या दस्त्यासकट पुजली.

रेंज

ऑक्टोबर २०२४. तीच रेंज, तेच अंतर. ताईंनी वीस गोळ्या झाडल्या, मध्ये नळी निवू देत. फेब्रुवारीत सात गोळ्या नऊ इंचांत विखुरल्या होत्या. आता पहिल्या पाच साडेतीन इंचांत आल्या आणि शेवटच्या पाचही त्याच जागी, डावीकडे सरकल्या नाहीत. मी लक्ष्याकडे कमी आणि लाकडाच्या आवाजाकडे जास्त लक्ष देऊन उभा होतो. टिचकी आली नाही. ताई म्हणाल्या, धक्का तितकाच आहे पण तो आता खांद्यात जातो, गालावर येत नाही.

खोलीत परतल्यावर मिस्त्रीजींनी रायफल उघडली, पणती लावली. वीस गोळ्यांनंतरही दोन्ही खांद्यांवरचा डाग सारखा होता.

खर्चाचं सांगायचं तर लाकूड, रबर, तेल आणि बारीकसारीक मिळून साडेआठ हजार. मिस्त्रीजींची मजुरी वेगळी. माझे तास एकशे चाळीसच्या घरात गेले, त्यातले जानेवारीतले बावीस मी ताईंच्या बिलात धरले नाहीत.

जुना दस्ता मी कोरड्या फडक्यानं पुसला, त्याला काहीही लावलं नाही. तो सुती कापडात गुंडाळून ताईंच्या कपाटात आडवा ठेवलाय. त्याच्या टोकावरच्या पत्र्याखाली एक चिठ्ठी आहे: कोणत्या रायफलीचा, कधी काढला, आणि परत लावायचा झाला तर आधी पुढचं लाकूड उतरवून मगच बोल्ट फिरवायचा. या घडणीत काही रायफलींत बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. मागून बोल्ट फिरवला की पुढचं लाकूड फाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन पावसात, आम्ही रायफल पुन्हा उघडली. खोबणीच्या बाजूची दोन कागदांची सूट एका कागदावर आली होती. खांदे जागेवर होते. शिसवी आणि अक्रोडाच्या सांध्यावर नख फिरवलं तर बारीक कड लागली. दोन्ही लाकडं पावसात वेगवेगळी फुगतात. ती कड खरवडायची नाही असं मिस्त्रीजींनी सांगितलं. जूनमध्ये पुन्हा बघणार आहोत.